डिजॉक्सिनची पातळी आणि किरणोत्साराची भीती

हृदयाच्या अशक्तपणासाठी किंवा अनियमित ठोक्यांसाठी डिजॉक्सिन घेणाऱ्या रुग्णाला औषधाची रक्तातील पातळी तपासण्यास सांगितले आणि त्या संदर्भात ‘किरणोत्सारी’ हा शब्द कानावर पडला, की शरीरात किरणे सोडली जातात हा समज उचल खातो आणि तपासणी टाळली जाते. वास्तविक रक्त काढून झाल्यावर जे घडते ते परीक्षानळीतच घडते. आयोडीन-१२५ची खूण लावलेले डिजॉक्सिन आणि त्याला ओळखून बिलगणारी मोजकी प्रथिने, म्हणजे प्रतिपिंडे, नळीत घालतात. रुग्णाच्या रक्तातील औषध जितके अधिक, तितकी खुणेच्या औषधाला जागा कमी उरते, आणि प्रतिपिंडांवरील किरणोत्सार मोजून औषधाचे प्रमाण ठरवता येते. रोझालिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी इन्सुलिनसाठी सिद्ध केलेली ही पद्धत १९६९पर्यंत डिजॉक्सिनलाही लागू झाली होती. आता अनेक प्रयोगशाळा किरणोत्साराऐवजी प्रकाश देणारी खूण वापरतात, त्यामुळे ही भीती बहुधा निराधारच नव्हे तर कालबाह्यही असते.

काळजी घ्यायची ती वेळेची. गोळीतील औषध रक्तातून ऊतींत, म्हणजे शरीराच्या पेशीसमूहांत, पसरण्यास अवधी लागत असल्याने नमुना गोळीनंतर किमान सहा तासांनी, शक्यतो पुढच्या गोळीच्या आधी द्यावा. चहाबरोबर गोळी घेऊन थेट प्रयोगशाळेत गेलेल्या एका वृद्धेचा आकडा फुगलेला आला, तिने इंटरनेटवर वाचून औषध परस्पर बंद केले आणि धाप लागल्यावरच ती दवाखान्यात परतली. आकडा चढा होता, पण चूक औषधाची नव्हती.

कण्हेरीचे मूळ किंवा बिट्टीचे बी ‘हृदयबल’ म्हणून देणाऱ्या वैदूंचा धोका मात्र खराखुरा आहे. या वनस्पतींतील विषे हृदयावर डिजॉक्सिनसारखीच चालतात आणि तपासणीतील प्रतिपिंडांना अर्धवट चिकटतात, त्यामुळे अहवालातील आकडा विषबाधेची तीव्रता सांगू शकत नाही.

अहवाल नेहमीच्या मर्यादेत असला तरी अन्नावरची वासना उडणे, मळमळ, वस्तू पिवळसर दिसणे, गोंधळलेपण किंवा मंदावलेली नाडी ही लक्षणे जुलाबानंतर, लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे पोटॅशियम घटल्यावर अथवा मूत्रपिंडे दुबळी असताना दिसल्यास पुढची गोळी घेण्यापूर्वी त्याच दिवशी डॉक्टरांना गाठून ईसीजी काढून घ्यावा. चक्कर येऊन शुद्ध हरपल्यास रुग्णालयच गाठावे.