जन्मवंश आणि विद्यावंश

मंदिरात एखाद्या मुलाने भजनात गोड आवाज लावला की आपण चटकन म्हणतो, 'घराण्यातच गाणे आहे, मग येणार नाही तर काय!' हे उद्गार कौतुकाचे असतात खरे. परंतु त्यांत एक गैरसमज दडलेला असतो. गाणे रक्ताबरोबर आपोआप उतरते असे एकदा मानले, की शिकविणारा निर्धास्त होतो आणि शिकणारा आळशी. म्हणून या प्रश्नाचा थोडा शांतपणे विचार करू.

संस्कृत व्याकरणकारांनी वंश दोन प्रकारचा मानिला आहे. पित्याकडून पुत्राकडे जातो तो जन्मवंश आणि गुरूकडून शिष्याकडे जातो तो विद्यावंश. गायनकला घराण्यात कशी टिकते हे समजण्यास हा भेद फार उपयोगी पडतो.

पहिले उदाहरण आपल्याच ग्वाल्हेरचे. एकोणिसाव्या शतकात शिंदे सरकारच्या आश्रयाने हस्सूखां, हद्दूखां व नथ्थूखां यांनी येथे ख्यालगायकी नावारूपास आणिली. त्यांची विद्या शंकरराव पंडितांनी संपादिली. पुढे निसार हुसेन खां यांच्याकडून तर त्यांस ती घरबसल्या मिळाली, कारण खांसाहेब कित्येक वर्षे पंडितांच्याच घरी राहिले. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव यांचा जन्म १८९३ सालचा. ज्या घरात गुरू व पिता दोघेही गात होते, त्या घरात ते वाढले. वडिलांपाशी बसून त्यांनी विद्या घेतली, १९१४ साली ग्वाल्हेरीत शंकर गांधर्व महाविद्यालय काढिले आणि १९७३ साली ते पद्मभूषण झाले. १९८९ साली शहाण्णव वर्षांचे होऊन ते निवर्तले, तेव्हा त्यांचे पुत्र लक्ष्मणराव तीच गायकी गात होते. पुढे नात मीता यांनीही ती स्वीकारिली. पिढ्या मोजताना आपण 'पंडितांचे घराणे' म्हणतो. पण या विद्येचा उगम रक्तात नव्हता. खांसाहेबांच्या घरची विद्या ब्राह्मणाच्या घरी आली ती केवळ विद्यावंशाने. जन्मवंशाने ती पुढे सांभाळिली, एवढेच.

दुसरे उदाहरण याहून बोलके आहे. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराचे पुत्र विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकले आणि १९०१ साली त्यांनी लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिले. १९३१ साली त्यांनी देह ठेविला, तेव्हा पुत्र दत्तात्रय अवघा दहा वर्षांचा होता. पित्याचे रक्त अंगात होते, पण शिकविणारा पिता गेला होता. अशा वेळी विष्णु दिगंबरांचे शिष्य विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी गुरुपुत्रास शिकविले. तोच मुलगा पुढे द. वि. पलुस्कर म्हणून देशभर कीर्तीस पावला. १९५५ साली अवघ्या चौतिसाव्या वर्षी तो गेला. तरी त्याच्या भजनांच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकल्या जातात. पित्याने जे शिष्यांस मोकळ्या हाताने दिले, तेच शिष्यांनी पुत्रास परत दिले. विद्या घरातच दडवून ठेविली असती, तर ती मुलापर्यंत पोहोचती ना.

मग जन्माचा वाटा काहीच नाही काय? आहे. कंठाची ठेवण काही अंशी जन्माने येते. पण गायकाच्या मुलास मिळणारे मोठे धन म्हणजे ऐकणे. पाळण्यात असल्यापासून तंबोऱ्याचा षड्ज त्याच्या कानी पडतो; चूक कोठे झाली हे त्यास शब्दांपूर्वीच कळू लागते. मात्र हे धन म्हणजे पेरणीचे बी आहे, पीक नव्हे.

हे आम्ही स्वानुभवाने सांगतो. आमचे तीर्थरूप मंदिरात पूजा करितात व कार्तिकात काकड आरती म्हणतात. 'भटजींचा मुलगा, आवाज येणारच' हे ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो आणि म्हणूनच कधी नेमाने शिकलो नाही. एका कार्तिकात तीर्थरूपांचा घसा बसला. पहाटे आम्ही उभे राहिलो. दोन पदे कशीबशी झाली. तिसऱ्यास सूर उतरला आणि पुढील चरणही आठवेना. गाभाऱ्यासमोर सारे स्तब्ध. तेवढ्यात रोज टाळ धरून बसणाऱ्या शेजारच्या मुलाने ते पद उचलिले व शेवटास नेले. त्याच्या घरी गाणारे कोणी नाही. आम्हांस फार लाज वाटली. तीर्थरूप रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हां दोघांस शेजारी शेजारी बसविले आणि पहिल्या पदापासून आरंभ केला.

यावरून घ्यावयाचा बोध थोडक्यात असा. ज्यांच्या घरी कला आहे त्यांनी ती मुलास येईलच असे गृहीत धरू नये. रोज थोडा वेळ त्यास जवळ बसवावे. ज्यांच्या घरी नाही त्यांनी 'आमच्यात नाही' म्हणून मुलास मागे ठेवू नये. त्यास टाळ देऊन भजनास पाठवावे. आणि ज्यास काही येते त्याने आपल्या व परक्याच्या मुलास एकाच सतरंजीवर शिकवावे. आपला मुलगा उद्या कोणाकडून शिकेल, हे आज कोणास ठाऊक आहे?