जुन्या मोटारगाडीचे पेट्रोल कोठे अडते?

मे महिन्यात रायपूर शहरात पारा ४२ अंशांच्या आसपास असतो. अशा दुपारी शारदा चौकाकडून तात्यापाऱ्याकडे गर्दीतून हळूहळू सरकणारी एखादी जुनी फियाट मध्येच आचके देते आणि बंद पडते. अर्ध्या तासाने तीच गाडी काहीच न घडल्याप्रमाणे सुरू होते. अशा प्रसंगी बहुतेक मंडळी आधी कार्ब्युरेटर उघडतात. हा क्रम उलटा आहे, असे आमचे मत आहे. कार्ब्युरेटर हे पेट्रोलच्या प्रवासातील शेवटचे ठाणे होय. तेथे पेट्रोल पोचते किंवा नाही हे पाहिल्यावाचून ते खोलण्यात अर्थ नाही.

उदाहरणासाठी प्रीमिअर पद्मिनी ही गाडी घेऊ. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० या इटालियन गाडीचे हे भारतीय रूप तयार होत असे. मुंबईच्या रस्त्यांवरील या जातीची अखेरची टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. हौशी मालकांनी मात्र अनेक गाड्या चालत्या ठेवल्या आहेत.

या गाडीची टाकी मागे व एंजिन पुढे असते. एंजिनाच्या कुशीला एक छोटा पंप बसविलेला असतो. त्याच्या पोटात लवचिक पडदा ताणलेला असून एंजिनाच्या फिरत्या दांड्यावरील उंचवटा एका तरफेच्या साहाय्याने तो पडदा खाली ओढतो. पडदा खाली गेला की पंपातील दाब कमी होतो व टाकीतील पेट्रोल नळीतून वर येते. मग स्प्रिंग पडद्यास वर ढकलते आणि तेच पेट्रोल पुढे कार्ब्युरेटरकडे जाते. ते मागे फिरू नये म्हणून दोन झडपा असतात.

यावरून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. पंपापासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या नळीत दाब बाहेरच्या हवेपेक्षा जास्त असतो. तेथे भेग पडली तर पेट्रोल बाहेर ठिबकते, वास येतो, दोष डोळ्यांना दिसतो. टाकीपासून पंपापर्यंतच्या नळीत, गाडी चालू असताना, दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तेथे भेग पडली तर पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत शिरते. नळी वरून कोरडी ठणठणीत दिसते, आणि मेकॅनिक तिच्यावरून नजर फिरवून पुढे जातो! पेट्रोल अडण्याचे पुष्कळसे गूढ या कोरड्या भेगेत दडलेले असते.

आता तपासणीकडे वळू. ठिणगी व्यवस्थित पडते याची खात्री प्रथम करून घ्यावी. नंतर एंजिन बंद असताना हवेच्या गाळणीचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या घशात डोकवावे व ॲक्सिलरेटर हाताने दाबावा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्ब्युरेटरच्या वाटीत पेट्रोल आहे. धार न उडाल्यास वाटी कोरडी असण्याचा संभव आहे.

दुसरी कसोटी मापाची आहे. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने जात असून एका लिटरमध्ये १२ किलोमीटर चालते असे धरू. म्हणजे तासाला ५ लिटर, अर्थात मिनिटाला सुमारे ८३ घन सेंटिमीटर पेट्रोल तिला लागते. एक लिटर पेट्रोल पूर्ण जळण्यास सुमारे ९,००० लिटर हवा लागते. त्या मानाने पेट्रोलचा हा ओघ किती लहान आहे पाहा. आता कार्ब्युरेटरकडील नळी सोडून तिचे टोक जाड काचेच्या बरणीत धरावे, इग्निशन कॉइलची तार काढून ठेवावी आणि स्टार्टर १५ सेकंद फिरवावा. वरील हिशेबाने बरणीत निदान २० घन सेंटिमीटर पेट्रोल यावयास हवे. चांगला पंप याच्या कितीतरी पट देतो. हे काम थंड एंजिनावर व उघड्या जागी करावे. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने ती खड्ड्यात साचते आणि दूरच्या विडीनेही पेट घेते.

याच वेळी नळीचे टोक बरणीतील पेट्रोलमध्ये बुडवून ठेवावे. सुरुवातीस चार बुडबुडे येणे साहजिक आहे. ते येतच राहिले तर गाडीने हवा धरली आहे. मग नव्या नळीने पंपास वेगळ्या छोट्या डब्यातून पेट्रोल पाजून पाहावे. बुडबुडे थांबले तर दोष मागील नळीत आहे. न थांबल्यास पंपाच्या झाकणाखालची चकती अथवा खुद्द पंप संशयित ठरतो. पडदा फाटला असल्यास पंपाच्या तळाच्या छिद्रातून पेट्रोल गळते, किंवा ते एंजिनाच्या तेलात उतरते. तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली व त्यास पेट्रोलचा वास आला, तर ती गाडी चालवू नये.

तात्यापाऱ्याच्या वाटेवर थांबलेल्या गाडीचे काय? येथे दोन रोग सारखेच भासतात. पेट्रोल हे अनेक द्रवांचे मिश्रण असून त्यातील हलके भाग ३५ ते ४० अंशांवरच उकळू लागतात. दाब कमी असेल तेथे उकळणे आणखी सोपे. महाबळेश्वरास पाणी १०० अंशांपूर्वीच उकळते, तोच हा नियम. गर्दीत एंजिनाभोवतीची हवा तापते, पंपाकडे येणाऱ्या नळीत वाफ होते, आणि द्रव ओढण्यासाठी घडविलेला पंप नुसती वाफ दाबीत बसतो. दुसऱ्या रोगात टाकीच्या झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले असते. पेट्रोल बाहेर जाते, पण त्याच्या जागी हवा येत नाही. निवाडा सोपा आहे. झाकण उघडताच 'सुस्स' असा आवाज होऊन गाडी सुरू झाली, तर छिद्र साफ करावे. झाकणाने फरक पडला नाही, पण पंपावर ओले फडके ठेवल्यावर काही मिनिटांत गाडी चालू लागली, तर तो वाफेचा अडथळा होय. जुने ड्रायव्हर उन्हाळ्यात असे फडके बरोबर बाळगीत, ते उगाच नव्हे.

अलीकडे या दुखण्यांत एक भर पडली आहे. फेब्रुवारी २०२३ पासून भारतात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विक्रीस येऊ लागले. जुन्या गाड्यांचे रबर या मिश्रणासाठी बनविलेले नव्हते; ते फुगते, मऊ पडते वा तडकते. शिवाय इथेनॉल पाणी शोषते. पाणी फार झाल्यास ते इथेनॉलसह वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसते, आणि नळीचे तोंडही तळाजवळच असते. म्हणून महिनोन्‌महिने उभ्या राहिलेल्या गाडीत बरणीतील पेट्रोल थोडा वेळ स्थिर ठेवून पाहावे. खाली वेगळा थर दिसला, तर टाकी रिकामी करून धुवावी, आणि टाकीपासून पंपापर्यंतचे सारे रबरी तुकडे इथेनॉल सोसणाऱ्या नळीने एकदमच बदलावेत.