कंपन्यांचा निधी आणि स्वयंसेवी संस्थांची स्वायत्तता

कंपनी कायदा, २०१३ मधील कलम १३५ अन्वये कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाची तरतूद १ एप्रिल २०१४ पासून अमलात आली. लगतच्या मागील आर्थिक वर्षात ज्या कंपनीचे नक्त मूल्य ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सातव्या अनुसूचीतील कामांवर खर्च करावयाची असते. पुष्कळदा हे काम स्वयंसेवी संस्थांमार्फत होते आणि तेथेच खरा प्रश्न उभा राहतो. पैसा देणाऱ्याने काम किती ठरवावे?

हा प्रभाव बहुधा हुकूम म्हणून येत नाही. कायद्याने कंपनीच्या स्थानिक क्षेत्रास प्राधान्य सांगितले आहे; साहजिकच कारखाने जेथे, तेथे निधीचा ओढा राहतो. शाळेची इमारत दाखविता येते, शिक्षिकेचे मानधन दाखविता येत नाही. कुपोषणासारख्या प्रश्नाला वर्षे लागतात, तर करार वर्षाच्या ताळेबंदाशी बांधलेला असतो. २०२१ च्या सुधारित नियमांनी मात्र आरंभीचे वर्ष वगळून तीन वर्षांपर्यंतच्या चालू प्रकल्पांस वाव दिला आहे.

त्याच नियमांनी काही मर्यादाही घातल्या. उत्पादनाच्या विक्रीला लाभ व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व सामाजिक उत्तरदायित्वात धरले जात नाही. या निधीतून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावे ठेवता येत नाही.

येथे विद्यार्थ्यांची एक गफलत नेहमी होते. प्रशासकीय खर्चावरील ५ टक्क्यांची मर्यादा ही कंपनीच्या स्वतःच्या खर्चावर आहे, संस्थेच्या नव्हे. तरीही संस्थेचा लेखापाल, प्रशिक्षण, कार्यालयाचे भाडे यांसाठी पैसा मिळविणे अवघडच जाते. ज्या संस्थेपाशी असा मोकळा निधी नाही, तिला गैरसोयीचा प्रस्ताव नाकारणे परवडत नाही. स्वायत्ततेचे मूळ करारातील शब्दांपेक्षा येथे अधिक आहे.

काही क्षेत्रांत तर समतोलाचा विचारच कायद्याने बाद ठरविला आहे. शिशुदुग्ध पर्यायांसंबंधीच्या १९९२ च्या कायद्यात २००३ मध्ये दुरुस्ती झाली. तीनुसार अशा उत्पादकांना आरोग्य कर्मचाऱ्यांच्या संघटनांची चर्चासत्रे, शिष्यवृत्त्या वा संशोधन यांना अर्थसाहाय्य देता येत नाही, मग रक्कम कितीही लहान असो.