'जोगवा' : सुलीची जट आणि सुलीचे मन

(बी. ए. भाग २ ची एक विद्यार्थिनी)

गेल्या वर्षी आपल्या स्नेहसंमेलनात 'जीव रंगला' हे गाणे झाले आणि सभागृहाने ते पुन्हा म्हणायला लावले. मीही टाळ्या वाजविल्या. परंतु ते ज्या चित्रपटातील आहे तो 'जोगवा' आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला होता, हे नंतर कळले. दिवाळीच्या सुटीत मी तो पाहिला. तेव्हापासून हे गाणे मला पूर्वीसारखे सहज गुणगुणता येत नाही.

राजीव पाटील यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००९ साली पडद्यावर आला. त्यामागे राजन गवस यांच्या 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा आहे. यल्लम्माला सोडलेली जोगतीण सुली (मुक्ता बर्वे) आणि लुगडे नेसवून जोगता केलेला तायप्पा (उपेंद्र लिमये), या दोघांची ही कहाणी.

आपण नागपूरकडची मंडळी. सौंदत्तीची यल्लम्मा, डोक्यावर जग घेतलेल्या जोगतिणी आपल्याला दूरच्या. पण सुलीची जट मला दूरची वाटली नाही. केस मळले, गुंतले, दिवसेंदिवस विंचरले नाहीत की त्यांचा दोर वळतो, तीच जट. एवढ्यावरून मुलीला देवीचे बोलावणे आले असे ठरते आणि तिचा संसार संपतो. मी दहावीत असताना टायफॉइडने महिनाभर अंथरुणावर होते. मानेजवळ केसांची एक गाठ झाली. शेजारची आजी आईला म्हणाली, "याले हात नोको लावू बाई, देवी हाय." माझ्या आईला अक्षरओळख नाही. ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या रात्री तिने खोबरेल तेल आणि कैची घेतली, गाठ कापली आणि परसात पुरली. तिचे हात थरथरत होते. सुलीच्या घरी असे कोणी निघाले नाही.

चित्रपटाचे खरे बळ मात्र यापुढे आहे. शरीरावर जट आली तर ती देवीची आज्ञा. त्याच शरीराला कुणाची ओढ लागली तर ते पाप! लुगडे नेसविल्याने तायप्पातला पुरुष मरत नाही आणि भंडारा उधळल्याने सुलीतली बाई मरत नाही. हा विषय वर्गात निघाला की आम्ही मुली वहीत डोके घालतो, म्हणून येथे लिहीत आहे.

लिमये यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पारितोषिक मिळाले, ते योग्यच. तरी तायप्पाची घुसमट जितक्या सावकाशीने दिसते तितकी सुलीची दिसत नाही, असे मला वाटले. बाईने सोसणे आपल्या डोळ्यांच्या सवयीचे असावे, म्हणूनही तसे होत असेल.

देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली व महाराष्ट्रात २००५ साली कायदे झाले. पण केसांत गाठ दिसली की पहिला निकाल अजून शेजारची आजीच देते.

असो. शेवट सांगत नाही. ग्रंथालयात 'चौंडकं'ची एकच प्रत आहे आणि ती सध्या माझ्याकडे आहे. हा अंक निघेपर्यंत परत केलेली असेल.