नवा सा बसवताना

अगं राणी, तू पाठवलेली रचना काल रात्री हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकली. पहिला भाग फार सुंदर उतरलाय, म्हणूनच दुसऱ्या भागाबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. पांढरी एकमध्ये छान रमलेली चाल एकदम पांढरी पाचमध्ये उडी मारते आणि मधली एखादी ओळ गळली की काय, असं वाटतं. तू विचारलंस, ‘ताई, दोन्ही पट्ट्यांचे सूर बरोबर आहेत, मग खटकतं काय?’ सूर बरोबरच आहेत गं. खटकतो तो सा. तू नवा सा वाजवलास, पण कानाने तो अजून मानलाच नव्हता.

आपल्या कानाला हे जरा जास्तच खटकतं. लहानपणापासून आपण तानपुरा ऐकतो, पेटीवर आरत्या आणि भजनं ऐकतो, आणि गाणं संपेपर्यंत सा जागचा हलत नाही. पियानोच्या परंपरेत सा मध्येच सरकणं नेहमीचं. तिथला श्रोता त्याची वाटच बघत असतो. आपल्या माणसांसाठी लिहायचं तर पट्टी बदलण्याआधीची तयारी चार मात्रा जास्त ठेवावी, असं माझं ठाम मत आहे.

पण म्हणून ही गोष्ट परकी समजू नकोस. तुझ्या कीबोर्डवर पांढरी एकपासून भूप वाजव : सा, रे, ग, प, ध. आता त्याच पाच पट्ट्या ठेव, एकही बदलू नकोस. फक्त पांढरी पाचला सा मान आणि तिथेच येऊन थांबत राहा. दुर्गा ऐकू येईल. पांढरी तीनला सा मान, मालकंस येईल. हीच मूर्च्छना. पं. जसराजांनी ‘जसरंगी’ जुगलबंदी याच तत्त्वावर उभी केली. गायक आणि गायिका आपापल्या पट्टीत, आपापला राग गातात. एकाचा मध्यम तो दुसऱ्याचा षड्ज. संजीव अभ्यंकर आणि अश्विनी भिडे-देशपांडे यांची जसरंगी मिळवून ऐक. तेच सूर दोन्हीकडे असूनही दोन वेगळे सा कसे उभे राहतात, तिकडे कान दे. चाल कुठे विसावते, न्यास कुठे होतो, यावर सा ठरतो. नुसती पट्टी दाबून तो ठरत नाही.

आता तुझ्या रचनेकडे येऊ. पांढरी एक आणि पांढरी पाच या जवळच्या पट्ट्या. सातापैकी सहा सूर दोघींचे सारखे. फरक एवढाच, की शुद्ध मध्यमाच्या जागी तीव्र मध्यम येतो. सूर सारखे म्हणून काही कॉर्डही सामाईक : सी, जी, ए मायनर आणि ई मायनर. त्यातला ए मायनर तू धर. कापूरबावडीला आलेली रिक्षा घोडबंदरला वळणार की आपल्या बाळकुमला, हे ती वळेपर्यंत कळत नाही ना, तसा हा कॉर्ड आहे. ऐकणाऱ्याला तो जुन्याच घरातला वाटतो, तुला मात्र ठाऊक असतं की पुढे वळायचंय.

हे बोटांनी करून बघ. सगळ्या सुरांची नावं मी जुन्या सा-वरूनच सांगते, म्हणजे गोंधळ नको. उजव्या हातात सा-ग-ध, डाव्यात ध. हा झाला ए मायनर. पुढे उजव्या हाताची दोन बोटं जागेवरच ठेव. फक्त गंधार उचलून तीव्र मध्यमावर ने आणि डावा हात रे-वर आण. हा डी सेव्हन्थ. इथे जरा थांब आणि ऐक, कान अस्वस्थ होतो. तीव्र मध्यमाला वर जायचंय आणि सा-ला चक्क खाली. मग दोघांना मोकळं सोड : तीव्र मध्यम अर्धा सूर चढून पंचमावर, सा अर्धा सूर उतरून निषादावर, धैवत पंचमात मिसळला, डावा हातही पंचमावर. आतापर्यंत घरधनी असलेला सा आपण होऊन बाजूला झाला आणि पंचमाला जागा करून दिली. ही जागा मला इतकी आवडते की नुसती वाजवत बसते. तुझ्या रचनेत नेमकं हेच नाही. तू सी वाजवलास आणि लगेच पांढरी पाचची चाल सुरू केलीस. मधला तीव्र मध्यम कुणाला ऐकूच आला नाही.

आणखी एक, नवा सा समेवर येऊ दे. ए मायनर आधीच्या आवर्तनात कुठेतरी सहज येऊन गेलेला चालेल, डी सेव्हन्थ शेवटच्या मात्रांवर, आणि सम पडते तिथे जी. पोचल्यावर निदान चार-आठ बार तिथेच राहा. शुद्ध मध्यमाला तेवढा वेळ हात लावू नकोस, कारण तो वाजला की कान परत पांढरी एकच्या घरी पळतो. आणि डावा हात. तुझा डावा हात प्रत्येक कॉर्डला उड्या मारतो. दर वेळी सगळ्यात जवळच्या पट्टीवर बोट कसं जाईल ते बघ. गुळगुळीतपणा निम्म्याहून जास्त तिथेच असतो.

शेवटी पुन्हा मूळ चाल येताना तू पांढरी एकवरून सरळ काळी एकवर चढलीस. ऑर्केस्ट्रात शेवटच्या कडव्याला असं करतात, टाळ्याही पडतात. पण बघ, या दोन पट्ट्या कीबोर्डवर शेजारी दिसतात, तरी त्यांच्या सात सुरांपैकी सामाईक फक्त दोन. म्हणजे तू चालत नाही गेलीस, चाल उचलून तिथे ठेवलीस. एवढ्या हळव्या रचनेला ते शोभत नाही, काढून टाक. आणि ट्रान्सपोजचं बटण रचना करताना बंद ठेव. त्याने पट्टी बदलते, पण बोटांना वाट कळत नाही.

लांबच्या पट्टीत जायचंच असेल तर शोपँकडे जा. त्याचे ओपस २८ मधले प्रेल्यूड १८३९ मध्ये छापले गेले. त्यातलं पंधरावं, ज्याला लोक ‘रेनड्रॉप’ म्हणतात, काळी एकच्या मेजरमध्ये आहे. त्यात काळी चारचा सूर सारखा टपटपत राहतो. मधला भाग काळी एकच्याच मायनरमध्ये जातो, सगळा रंग काळवंडतो, पण ती काळी चार वाजतच राहते. कागदावर तिचं नाव ए फ्लॅटचं जी शार्प होतं, बोट त्याच पट्टीवर. बदल एवढा मोठा, आणि कानाला धरायला एक सूर कायम. तुझ्या पुढच्या रचनेत हे करून बघ : सगळं बदल, एक सूर सोडू नकोस.

आणि नुसती पियानोचीच पुस्तकं उघडू नकोस. ठाण्यात आपल्याकडे महापालिका पं. राम मराठ्यांच्या नावाने संगीत महोत्सव भरवते, तिथे जाऊन बसत जा. रामभाऊ जोडरागांसाठी नावाजलेले. जोडरागात सा बदलत नाही हे खरं, पण एका रागातून दुसऱ्यात शिरायला गायक दोघांत सामाईक असलेला सूर शोधतो, त्यावर क्षणभर रेंगाळतो आणि वळतो. बसंत-बहारमध्ये शुद्ध मध्यम दोन्ही रागांचा आहे. गायक त्या मध्यमावर आला की पुढे काय करतो, तेवढंच लक्ष देऊन ऐक. हार्मनीच्या पुस्तकात सामाईक कॉर्डचं प्रकरण आहे ना, ते तुला दुसऱ्या वाटेने कळेल.

पट्टी बदलायचीच कशाला, हे मात्र आधी स्वतःला विचार. तुझ्या या रचनेत कारण आहे : दुसऱ्या भागातली चाल वर वर जाऊ बघते आणि पांढरी एकमध्ये तिला जागा पुरत नाही. म्हणून पांढरी पाच योग्यच आहे, ती ठेव. फक्त आधीची दोन आवर्तनं नव्याने लिही, शेवटची उडी काढ, आणि परतीच्या वाटेवर शुद्ध मध्यम ठळकपणे वाजव, म्हणजे जुनं घर आपोआप ओळखू येईल. झालं की आधी आईला ऐकव. तिला कॉर्ड कळत नाहीत, पण सा हलला की ती मान वर करते. तिने मान वर केली नाही, तर मला पाठव.