मोबाईल फोनविषयीचे प्रचलित समज व त्यांची पारख

१९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बाजारात आणला, तेव्हा तो घ्यावयास शेतकरी पुढे येईनात. लोखंडाने जमीन विषारी होते, असा समज त्या काळी पसरलेला होता व त्यामुळे पहिले नांगर बरेच दिवस पडून राहिले. नवीन अवजाराविषयी मत आधी बनते व अनुभव मागाहून येतो, ही गोष्ट शेतकरी समाजाला अपरिचित नाही.

सध्या ज्या अवजाराविषयी गावोगावी सर्वांत अधिक मते ऐकू येतात, ते म्हणजे मोबाईल फोन होय. चावडीवर, बाजाराच्या दिवशी चहाच्या दुकानात, एस. टी.च्या थांब्यावर या यंत्राचे गुणदोष सांगणारा कोणी ना कोणी भेटतोच. यांपैकी पुष्कळशी मते निरुपद्रवी असतात. कोणत्या कंपनीचा फोन अधिक देखणा यावर दोघांचे एकमत झाले नाही, तरी त्याने कोणाचे पीक बुडत नाही. परंतु काही समजांमुळे पैसा वाया जातो, काहींमुळे पिकाची नोंद चुकते आणि निदान एक समज तरी असा आहे की, ज्यामुळे प्राणावर बेतते. त्याचा विचार प्रथम करणे योग्य होईल.

फोन व आकाशातील वीज

वळवाच्या पावसाचे दिवस आले व आभाळ गडगडू लागले म्हणजे शेतातील माणसे घाईने फोन बंद करतात. कित्येक जण तर त्या दिवसांत फोन घरीच ठेवून रानात जातात. फोन वीज ओढून घेतो, ही समजूत त्यामागे असते. ही समजूत खरी नाही. वीज पडते ती बहुधा आसपासच्या उंच व एकाकी वस्तूवर. उघड्या रानातील झाड, मनोरा, विजेचा खांब, किंवा सपाट शेतात उभा असलेला माणूस हे तिचे धनी होत. फोनमधून निघणाऱ्या लहरी अत्यंत अल्प शक्तीच्या असतात व त्यांच्यामुळे विजेला वाट मिळत नाही.

या समजुतीला परदेशातूनही थोडे खतपाणी मिळाले आहे. लंडनमधील एका बागेत फोनवर बोलत असलेल्या मुलीवर वीज पडल्याची हकीकत तेथील डॉक्टरांनी २००६ साली एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात पत्राद्वारे प्रसिद्ध केली. कातडीला चिकटून असलेल्या धातूच्या वस्तूमुळे, वीज पडल्यानंतर होणारी इजा अधिक गंभीर होऊ शकते, असा त्या पत्राचा रोख होता. फोनने वीज ओढली, असे त्याचे तात्पर्य नव्हते; परंतु बातमी कर्णोपकर्णी जाताना तिचा अर्थ पालटला.

मात्र तारेने जोडलेल्या फोनची गोष्ट निराळी आहे. चार्जिंगला लावलेला फोन घरातील वीजवाहक तारांशी जोडलेला असतो. जवळपास वीज पडल्यास तिचा झटका त्या तारांतून येऊ शकतो. म्हणून गडगडाट चालू असता चार्जर प्लगमधून काढून ठेवावा व चार्जिंगला लावलेला फोन कानाशी धरू नये. खिशातील मोकळ्या फोनला हा धोका लागू नाही.

फोन बंद करून ठेवण्याने होणारी हानी याहून मोठी आहे. पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने तयार केलेले ‘दामिनी’ हे अ‍ॅप फोनधारकाच्या परिसरात वीज चमकत असल्याची सूचना देते. त्यासाठी फोन चालू, इंटरनेट चालू व स्थान दाखविणारी सोय चालू असावी लागते. ज्या साधनाने वेळीच सावध केले असते तेच बंद करून माणूस आंब्याच्या झाडाखाली उभा राहतो. हा हिशेबच उलटा आहे. जेथे रेंज नसते तेथे कानावर विसंबावे. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस ३ ने भागल्यास वीज किती किलोमीटरवर आहे ते समजते. ३० सेकंदांच्या आत आवाज आल्यास काम सोडून पक्क्या घराचा आश्रय घ्यावा व शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथेच थांबावे. झाडाखाली थांबू नये. निवारा मुळीच जवळ नसल्यास पाय जुळवून उकिडवे बसावे. जमिनीवर आडवे पडू नये.

बॅटरीचे आयुष्य

‘बॅटरी पूर्ण उतरू द्यावी व मगच चार्जिंगला लावावी’ हा उपदेश अजूनही आग्रहाने केला जातो. निकेल-कॅडमियम जातीच्या जुन्या बॅटऱ्यांच्या बाबतीत त्यात तथ्य होते. त्या वारंवार अर्धवट चार्ज केल्यास त्यांची धारणशक्ती घटे. आजच्या फोनमध्ये लिथियम-आयन जातीची बॅटरी असते. ही बॅटरी १९९१ साली प्रथम बाजारात आली आणि तिच्या संशोधनाबद्दल २०१९ साली तीन शास्त्रज्ञांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हिला पूर्ण उतरणे मानवत नाही. बैल पार थकून बसल्यावरच त्याला वैरण घालावी, असे कोणी म्हणत नाही. या बॅटरीचेही तसेच आहे. थोडी उतरल्यावर थोडी भरणे हेच तिला हितावह असते. साधारणपणे २० टक्क्यांच्या खाली जाऊ न देणे व रोज शंभरावर नेण्याचा हट्ट न धरणे, एवढे पुरेसे आहे.

‘रात्रभर चार्जिंगला लावल्याने फोन फुटतो’ हे मत अर्धेच बरोबर आहे. बॅटरी भरताच आतील नियंत्रक प्रवाह थांबवितो, त्यामुळे ती भरून वाहू लागेल अशी भीती नको. परंतु पूर्ण भरलेल्या अवस्थेत व ऊबेत तासन् तास राहिल्याने तिचे आयुष्य हळूहळू कमी होते. उशीखाली किंवा गोधडीत ठेवून चार्ज करणे तर निश्चितच वाईट, कारण निर्माण होणारी उष्णता बाहेर पडत नाही.

उष्णता हीच या बॅटरीची खरी वैरीण होय, आणि या मुद्द्याकडे गावात सर्वांत कमी लक्ष दिले जाते. बहुतेक फोन सुमारे ३५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या हवेत वापरण्याच्या दृष्टीने बनविलेले असतात. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. त्या दिवसांत ट्रॅक्टरच्या टपावर, मोटारसायकलच्या टाकीवरील पिशवीत किंवा पंपाच्या पत्र्याच्या खोलीत ठेवलेला फोन किती तापत असेल, याची कल्पना करावी. फोन बांधावर झाडाच्या सावलीत, कापडाच्या पिशवीत, माठाच्या गार कोपऱ्यात ठेवावा. मात्र ओलाव्यात नव्हे. तापलेला फोन लगेच चार्जिंगला लावू नये.

बॅटरी लवकर उतरते म्हणून उघडलेली सर्व अ‍ॅप पुनःपुन्हा बंद करण्याचा परिपाठ अनेकांनी ठेवला आहे. त्याने लाभ होत नाही. तेच अ‍ॅप नव्याने उघडण्यास अधिक शक्ती खर्च होते. खरा खर्च होतो तो पडद्याच्या प्रखर उजेडाने आणि कमकुवत रेंजने. रेंज अपुरी असली म्हणजे मनोऱ्यापर्यंत पोचण्यासाठी फोन अधिक जोराने लहरी सोडतो. ज्या शिवारात रेंज मुळीच येत नाही, तेथे फोन विमान-अवस्थेत ठेवल्यास संध्याकाळपर्यंत बॅटरी टिकते.

चार्जर खरेदी करताना काटकसर करू नये. बाजारात ५०-६० रुपयांस मिळणारा निनावी चार्जर कमी-अधिक होणाऱ्या दाबापासून संरक्षण देईलच असे नाही. भारतीय मानक ब्युरोची खूण व ‘आर’ या इंग्रजी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक त्यावर आहे किंवा नाही ते पाहावे. बॅटरी फुगून फोनची पाठ उचलली गेल्यास तो वापरणे तात्काळ थांबवावे व दुरुस्ती करणाऱ्याकडे न्यावा. फुगलेली बॅटरी टोचू अथवा दाबू नये. ती पेट घेते.

पाणी, औषध व तांदूळ

भिजलेला फोन तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्याची रीत भातपट्ट्यापासून थेट शहरापर्यंत पोचली आहे. तांदूळ आतील पाणी शोषून घेत नाही. उलट त्याचा भुसा व पीठ छिद्रांत शिरते. ॲपल या कंपनीने २०२४ साली आपल्या ग्राहकांना असे न करण्याची स्पष्ट सूचना दिली. फोन भिजल्यास बंद करावा, सिम काढावे, छिद्रे खाली करून हलकेच झटकावा व वाऱ्यावर निदान एक दिवस राहू द्यावा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात वाळवू नये.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावर विश्वास टाकण्यापूर्वी खोक्यावरील आयपी अंक वाचावा. आयपी ६७ यातील ६ म्हणजे धूळ आत न शिरणे व ७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटे टिकणे. ही परीक्षा स्वच्छ पाण्याची असते, साबणाच्या किंवा कीटकनाशकाच्या द्रावणाची नव्हे. फवारणी करणाऱ्याने फोन मुळात हाताळूच नये. यात फोनच्या हानीपेक्षा, औषधाने भरलेल्या हाताने धरलेला फोन पुढे गालाला, तोंडाला लागतो व घरी गेल्यावर तोच लहान मुलाच्या हाती जातो, हे अधिक महत्त्वाचे आहे.

कॅमेरा व पिकाची नोंद

मेगापिक्सेलचा आकडा मोठा म्हणजे कॅमेरा उत्तम, असे दुकानदार सांगतो. चित्राचा दर्जा मुख्यतः आतील संवेदकाच्या आकारावर, भिंगावर व उजेडावर ठरतो. रोगट पानाचे चित्र तज्ज्ञाकडे पाठविण्यास साधा कॅमेराही पुरतो. भिंग स्वच्छ रुमालाने पुसावे, सकाळच्या उजेडात पानाची वरची व खालची अशा दोन्ही बाजू टिपाव्या आणि संपूर्ण झाडाचे एक चित्र सोबत द्यावे. नुसत्या डागाच्या चित्रावरून निदान करणे तज्ज्ञांसही कठीण जाते.

ई-पीक पाहणीच्या संदर्भात या कॅमेऱ्याला व स्थान दाखविणाऱ्या सोयीला विशेष महत्त्व आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या पद्धतीत खातेदार स्वतः आपल्या पिकाची नोंद सात-बारावर करतो. पीक विमा, हमीभावाने खरेदी व आपत्तीच्या वेळची मदत यांसाठी ही नोंद उपयोगी पडते. ‘इंटरनेट नसले की फोनला जागा समजत नाही’ असे म्हणून अनेक खातेदार शेतातून परत येतात व पुढे मुदत संपते. वस्तुतः फोन आपले स्थान उपग्रहांच्या संकेतांवरून ठरवितो. त्यासाठी सिमचीदेखील गरज नसते. इंटरनेट असल्यास ते लवकर समजते एवढेच. मोकळ्या आकाशाखाली साधारण ५ मीटरच्या आत अचूकता मिळते, परंतु दाट आमराईत किंवा उभ्या उसात ती बिघडते. म्हणून शेताच्या मोकळ्या भागात दोन मिनिटे स्थिर उभे राहून, स्थान जुळल्यावर छायाचित्र घ्यावे. ज्यांच्याजवळ स्मार्टफोन नाही त्यांनी हताश होण्याचे कारण नाही. एकाच फोनवरून अनेक खातेदारांच्या नोंदी करता येतात. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशा खातेदारांची यादी हंगामाच्या आरंभीच करून ठेवणे इष्ट होय.

जुना फोन, नवा फोन

‘अपडेट केले की फोन मंदावतो, कंपन्या मुद्दाम तसे करतात’ ही तक्रार सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही. बॅटरी झिजलेल्या जुन्या फोनचा वेग आपण कमी करीत होतो, असे ॲपल कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले व बॅटरी स्वस्तात बदलून दिली. तथापि म्हणून अपडेट नाकारणे हा उपाय नव्हे, कारण चोरांना वाट देणारी छिद्रे त्यानेच बुजविली जातात. बहुतेक फोन मंदावतात ते स्टोरेज भरल्यामुळे. शुभप्रभातीची चित्रे व लग्नाचे व्हिडिओ काढून टाकल्यावर कित्येक फोन पूर्ववत् चालू लागतात. नव्या फोनचे हप्ते बांधून घेण्यापूर्वी हा प्रयोग फुकटात करून पाहावा.

कोणता फोन घ्यावा, असे विचारणाऱ्यास कार्यकर्त्याने किंमत न सांगता काम विचारावे. केवळ बोलणे व पैसे पाठविणे एवढेच असेल, तर बटनांचा फोनही चालतो. रिझर्व्ह बँकेने मार्च २०२२ मध्ये साध्या फोनसाठी यूपीआय १२३पे ही सोय सुरू केली आहे. शेतीविषयक प्रश्न विचारण्यास किसान कॉल सेंटरचा १८०० १८० १५५१ हा निःशुल्क क्रमांकही त्यावरून लावता येतो. नोंदी व छायाचित्रे करावयाची असतील तर स्मार्टफोन लागेल. त्यास सुरक्षेचे अपडेट किती वर्षे मिळणार, हे कॅमेऱ्याच्या आधी विचारावे.

पैशाच्या व्यवहारांत एक समज फार घातक ठरला आहे. पैसे मिळविण्यासाठी पिन टाकावा लागतो, असे सांगून ठकविणारे पुष्कळ आहेत. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठीच लागतो, घेण्यासाठी कधीच नाही. तसेच पीएम किसान, वाहनाचे चलान किंवा लग्नपत्रिका अशा नावांखाली व्हॉट्सअ‍ॅपवर येणारी ‘एपीके’ फाईल उघडू नये. ती फोनमधील संदेश चोरून वाचते व त्यांतील ओटीपी परक्याच्या हाती जातो. ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरून ती आली, तरी त्याचाच फोन आधी फसलेला असण्याचा संभव असतो. रक्कम गेल्याचे कळताच १९३० या क्रमांकावर फोन करावा व बँकेसही त्याच वेळी कळवावे. व्यवहाराचा क्रमांक असलेला संदेश पुसू नये. जितका उशीर होईल तितकी ती रक्कम पुढच्या खात्यांत वाटली जाते; म्हणून गावातील जाणकाराची वाट पाहत सकाळपर्यंत थांबू नये.