नैराश्यावरील औषधांच्या पिढ्या

“डॉक्टरांनी जुन्या पिढीची गोळी दिली, म्हणजे हलकी दिली,” असे समजून काही रुग्ण औषध मध्येच सोडतात आणि आजार पुन्हा बळावतो. म्हणून औषधाची ‘पिढी’ म्हणजे काय, हे आपण समजून घेऊ.

पहिली पिढी : १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड दिले असता त्यांची मरगळ जाऊन ते उत्साही दिसू लागले. १९५७ साली डॉ. नेथन क्लाइन यांनी नैराश्यावरील त्याचा उपयोग मांडला. त्याच वर्षी स्वित्झर्लंडचे डॉ. रोलांड कून यांनी इमिप्रामीनचा गुण प्रसिद्ध केला. मेंदूतील पेशी सेरोटोनिन, नॉरएड्रेनॅलीन अशा द्रव्यांद्वारे एकमेकींना संदेश देतात. इप्रोनियाझिड ही द्रव्ये मोडू देत नाही. इमिप्रामीन ती पेशीत परत शोषू देत नाही. गुण येई, पण त्रासही होई. इप्रोनियाझिडच्या गटातील औषधांवर मुरवलेले चीज खाल्ल्यास रक्तदाब एकाएकी वाढे. इमिप्रामीनच्या गटाने तोंड कोरडे पडे, बद्धकोष्ठता होई आणि अतिमात्रेने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यूही ओढवे.

दुसरी पिढी : १९८७ साली अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली. ते मुख्यतः सेरोटोनिनचेच शोषण रोखते. सर्ट्रालीन, एस्सिटालोप्राम ही त्याच गटातली. अतिमात्रेचा धोका कमी झाला. तरी मळमळ, झोपेच्या व लैंगिक तक्रारी राहिल्या.

तिसरी पिढी : व्हेन्लाफॅक्सिन (१९९३), मिर्टाझापिन ही औषधे दोन्ही द्रव्यांवर काम करतात. मात्र काही ग्रंथ त्यांनाही दुसऱ्याच पिढीत धरतात.

यावरून काय ध्यानात येते? पिढी हा काळाचा क्रम आहे, ताकदीचा नव्हे. नव्या औषधांनी मुख्यतः सुरक्षितता वाढवली. अमिट्रिप्टिलिनसारखे जुने औषध गुणात आजही नव्यांच्या तोडीचे आहे. रुग्णाचे वय, हृदयविकार, इतर औषधे पाहून डॉक्टर निवड करतात.

विद्यार्थी मित्रांनो, तीन गोष्टी घरोघरी सांगा. गुण दिसण्यास साधारणतः दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले तरी निदान सहा महिने औषध चालू ठेवावे लागते. गोळी एकदम बंद करू नये. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. सुरुवातीच्या दिवसांत, विशेषतः तरुण रुग्णाच्या मनात आत्महत्येचे विचार आल्यास त्याला एकटे सोडू नये व लगेच डॉक्टरांना कळवावे. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांकही लिहून ठेवावा.